पाटीवरचा ‘कन्या’ हा शब्द

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या कन्या प्रशालेत गेले की मी आधी जनरल रजिस्टर मागते. जाड पुठ्ठ्याचे, हाताला जड लागणारे ते पुस्तक मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपाआड असते. दाखल क्रमांक, मुलीचे नाव, वडिलांचे नाव (आईच्या नावाचा रकाना फार उशिरा आला), जात, गाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची इयत्ता. ओळ वाचत उजवीकडे गेले की शेवटी ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना येतो. दहावी झालेल्या मुलीपुढे तिथे ‘इ. १० वी उत्तीर्ण’ असते. बाकीच्यांपुढे बहुतेक वेळा दोनच शब्द असतात, ‘पालकाच्या इच्छेने’. लिपिकाने सवयीने लिहिलेले, पानामागून पान एकाच वळणाचे.

मी या जिल्ह्यात आधी विद्यार्थिनी म्हणून आणि मग शिक्षिका म्हणून आयुष्य काढले. स्मरणिकेसाठी कन्या प्रशालांचा इतिहास लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा इमारती, उद्घाटने आणि निकालाचे टक्के अशी मांडणी सहज करता आली असती. ते सारे इतर पानांवर येईल. मला त्या रकान्यातल्या पालकाच्या इच्छेबद्दल लिहायचे आहे, कारण ही संस्था उभी राहिली तीच ती इच्छा वळवण्यासाठी. प्रशालेच्या पाटीवर ‘कन्या’ हा शब्द रंगवला गेला तो बापाने वाचावा म्हणून. आत मुलगे नाहीत, शिकवायला बाई आहेत, आवाराला भिंत आहे, एवढे सगळे त्या दोन अक्षरांत सांगितलेले असे. सातवीनंतर आठवीत नाव घालायचे की नाही, याचा निकाल आमच्या गावांतून पुष्कळदा त्या पाटीवर लागला.

पुण्याच्या वाचकाला हे फार जुन्या काळातले वाटेल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून पुण्यात सभा भरली, तेव्हा रमाबाई रानडे यांनी तिथे इंग्रजीतून मागणीपत्र वाचले आणि त्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसला, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. २९ सप्टेंबर १८८४ रोजी ते हायस्कूल सुरू झाले. महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, रा. गो. भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित ही मंडळी त्यामागे होती. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती त्या जागेवर ही शाळा वाढली, म्हणून ती हुजूरपागा. टिळकांच्या वृत्तपत्रांतून तिच्या अभ्यासक्रमावर आणि वेळापत्रकावर कडाडून टीका झाली, तरी शाळा टिकली. पुढे ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे सातव्या वर्षी शिकायला पुण्यात आल्या त्या याच शाळेत.

ब्रह्मदेशातून पुण्याला मुलगी पोचू शकली. परभणीहून पुण्याचा रस्ता त्या मानाने किती जवळचा! मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी लहान लाइन विसाव्या शतकाच्या तोंडाशीच सुरू झाली होती आणि सेलू, परभणी, पूर्णा ही सगळी तिच्यावरची स्टेशने. गाडी होती. पण मनमाड ओलांडले की राज्य बदलत होते, आणि राज्याबरोबर शाळेची भाषा.

आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. माझे आजोबा अर्ज-दावे उर्दूत लिहीत, हिशेब मोडीत ठेवीत आणि पोथी बाळबोधीत वाचीत. एका माणसाला तीन लिप्या येत होत्या आणि त्याच घरातल्या बाईला एकही येत नव्हती. सरकारी शाळांच्या पायऱ्यांची नावे तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशी होती. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे आजचे मिडल, फौकानिया म्हणजे हायस्कूल. खालच्या वर्गांत मराठी मिळे. वर जाल तसे गणित, भूगोल, इतिहास सगळे उर्दूतून. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पण ती देशी भाषा आमच्या खेड्यांची नव्हती. मुलाला नोकरीसाठी बाप उर्दू शिकवी. मुलीला नोकरी करायची नव्हती. मग तिने न कळणाऱ्या भाषेत भूगोल का शिकावा, हे तिच्या आईलाही उमजत नसे. मुलीची शाळा पहिल्यांदा अडली ती इथे. पुण्यात रूढीशी भांडायचे होते. इथे रूढीच्या आधी भाषेची वेस होती.

संस्थानात मुलींच्या शिक्षणाकडे अगदीच दुर्लक्ष होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हैदराबाद शहरात १९०७ साली महबूबिया गर्ल्स स्कूल निघाले आणि सरदार-जहागीरदारांच्या मुली तिथे शिकल्या. मात्र शहरातली ही सोय आणि जिंतूरच्या डोंगराकडेची वस्ती यांच्यामध्ये सबंध मराठवाडा पसरलेला होता. जिल्ह्याच्या गावी उर्दू शिकलेल्या घरांतल्या मुली पडदा लावलेल्या टांग्यातून शाळेत जात, असे जुन्या बायकांकडून मी ऐकले आहे. त्यात मुस्लिम घरे होती, कायस्थ घरे होती, बदलीवर आलेल्या अंमलदारांची घरेही होती. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असे म्हणत कुठून कुठून माणसे इथे येत. त्यांच्या लेकींनी इथल्या पोरींना पाटी-दप्तर दाखवले, हे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आजही जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या मुलींच्या शाळा आहेत, आणि त्यांचा इतिहास आमच्याहून वेगळा काढता येत नाही.

मराठीतून शिकवायचे तर खासगी शाळा काढावी लागे आणि खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे. ती मिळणे सोपे नव्हते. तरीही शाळा निघाल्या. हैदराबादची विवेकवर्धिनी, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि आमच्या जिल्ह्यात सेलूचे नूतन विद्यालय. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून सगळ्या संस्थानाला माहीत झालेले व्यंकटेश खेडगीकर हे हिप्परग्याच्या शाळेत शिक्षक होते. या शाळांत अभ्यासाबरोबर स्वातंत्र्याची भाषा शिकवली जाई, म्हणूनच सरकारचा डोळा त्यांच्यावर असे. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आणि अध्यक्ष होते परभणीचे वकील गोविंदराव नानल. मातृभाषेतून शिक्षण ही परिषदेची कळीची मागणी होती. त्या मागणीत मुलींचा वेगळा उल्लेख कितीदा आला असेल, कोण जाणे. पण मराठी माध्यम मिळाल्याचा सर्वांत मोठा लाभ मुलींनाच झाला, असे माझे पक्के मत आहे. मुलगे अडत-धडपडत उर्दूतून शिकलेच असते. बी. रघुनाथांसारखा सातोन्याचा कवी कचेरीचे काम उर्दूत आणि कविता मराठीत, असा संसार करू शकला. मुलीला तेवढी सवड कुणी दिली नसती.

१९४७-४८ ची दोन वर्षे शाळांच्या दप्तरात जवळपास कोरी आहेत. रझाकारांच्या धाकाने अनेक घरांनी बायका-मुली उमरखेडकडे, मनमाडकडे, सरहद्दीपलीकडच्या नातेवाइकांकडे पाठवून दिल्या. ज्या मुली त्या वेळी चौथी-पाचवीत होत्या, त्यांच्यातल्या कितीतरी परत आल्या त्या थेट लग्नाच्या वयात. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. म्हणून आमच्या प्रशालांत झेंडावंदन पंधरा ऑगस्टनंतर महिन्याभराने पुन्हा होते. बाहेरच्या जिल्ह्यांतून बदलून आलेल्या शिक्षिकांना पहिल्या वर्षी याचे नवल वाटते. मग मुलीच त्यांना समजावतात.

मुक्तीनंतर हायस्कूलची भाषा मराठी झाली. फौकानियाच्या जागी हळूहळू ‘प्रशाला’ हा शब्द आला आणि तो मराठवाड्याने असा काही उचलला की आज आमच्याकडे हायस्कूलला प्रशालाच म्हणतात. १९५६ ला आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले, १९६० ला महाराष्ट्र झाला. पण प्रशालांच्या दृष्टीने सर्वांत मोठी तारीख १ मे १९६२ ही आहे. त्या दिवशी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि हैदराबाद राज्याकडून वारशाने आलेली सरकारी हायस्कुले त्यांच्याकडे गेली. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण म्हणजे खासगी संस्था, असे समीकरण आहे. तिकडच्या माणसाला ‘जिल्हा परिषदेची प्रशाला’ हे ऐकून आश्चर्य वाटते. आमच्याकडे मात्र परभणी, जिंतूर अशा गावांत जिल्हा परिषदेची कन्या प्रशाला हाच मुलींच्या शिक्षणाचा मोठा दरवाजा राहिला. सेलूसारख्या गावात नूतन संस्थेने स्वतःची कन्या प्रशाला चालवली. पण देणगीदार नसलेल्या, व्यापारी पेठ नसलेल्या गावाला जिल्हा परिषदेवाचून कोण विचारणार होते? निजामी कारभाराचा हा एक अवशेष आमच्या मुलींच्या पथ्यावर पडला. इतिहासात अशा गोष्टी घडतात.

पाटी लागली. आता बाई हव्या होत्या.

‘बाई’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. मॅडम नंतर आल्या. कन्या प्रशालेत मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई, आणि शिकवणाऱ्या सगळ्या नुसत्या बाई. साठीच्या दशकात मॅट्रिक झालेल्या आणि पुढे बी. ए., बी. एड. केलेल्या स्त्रिया जिल्ह्यात मोजक्याच होत्या. म्हणून बाई बाहेरून आल्या. कुणी पुण्याहून, कुणी विदर्भातून, कुणी औरंगाबादहून. त्यांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, लग्न न केलेल्याही होत्या. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याने जी वाट पाडली होती, तिच्यावरून चालत त्या आमच्यापर्यंत पोचल्या. लहान लाइनच्या गाडीतून वळकटी आणि ट्रंक घेऊन एकटी बाई परभणीच्या स्टेशनवर उतरली की टांगेवाला आधी विचारी, ‘पावणे कुटं हैत?’ पाहुणे कुठेच नसत. तिला खोली भाड्याने मिळवणे हे गावापुढचे मोठे कोडे होई. कुणी माडीवरची खोली दिली तर येण्याजाण्यावर सगळ्या गल्लीची नजर. माझ्या एका बाईंनी तीन वर्षांत चार खोल्या बदलल्या, आणि त्या काळात त्यांचा एकही तास चुकला नाही.

या बायकांनी काय शिकवले, हे प्रगतिपुस्तकावर दिसत नाही. एकट्या बाईला पगार मिळतो, ती मनिऑर्डर स्वतः करते, सायंकाळी देवळात न जाता वाचनालयात जाते, हे आम्ही रोज पाहत होतो. गावातल्या आयाही पाहत होत्या. पहिल्या वर्षी ज्या बाईबद्दल कुजबुज होई, तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिच्याकडेच घरातले कागद वाचून घ्यायला बायका येऊ लागत. मग एखादी आई पदराआडून विचारी, ‘बाई, आमची शकी शिकंल का वो फुडं?’ पालकाची इच्छा वळायची ती अशा वेळी. शाळेच्या सभेत ती कधी वळली नाही. तिथे सगळे माना डोलावत आणि घरी जाऊन सोयरीक बघत. बाई संध्याकाळी घरी गेल्या, ओसरीवर बसल्या, चहा घेतला, मुलीच्या अक्षराची तारीफ केली, म्हणजे बाप म्हणे, ‘बरं, एवढं वरीस जाऊ द्या.’ एवढं वरीस! या दोन शब्दांवर जिल्ह्यातल्या मुली एकेक इयत्ता चढल्या. कुणाच्याही बापाने दहावीपर्यंतचा शब्द एकदम दिला नाही.

एका गंगाखेडकर आजोबांनी मला अडवलेले आठवते. ते म्हणाले, ‘आमची जनी कुठल्या शाळेत गेली होती? तिनं अभंग रचलेच की.’ वारकरी माणूस, रागही येईना. मी म्हटले, ‘आजोबा, जनाबाईला दळण-कांडण, शेणगोठा सगळं उरकून ओव्या रचाव्या लागल्या, आणि तिला लिहिता येत असतं तर ते तिच्याच हातचं आपल्याला वाचायला मिळालं असतं.’ ते काही बोलले नाहीत. नातीचे नाव मात्र त्यांनी कमी केले नाही.

आता शिकवले काय, ते सांगितले पाहिजे, कारण इथे ‘कन्या’ या शब्दाची दुसरी बाजू आहे. स्वतंत्र शाळा म्हणजे स्वतंत्र अभ्यासक्रम, असे बरीच वर्षे गृहीत धरले गेले. मुलींसाठी शिवणकाम, भरतकाम, गृहशास्त्र. जुन्या अकरावीच्या एस. एस. सी.ला बीजगणित-भूमिती टाळून सोपे गणित घेण्याची वाट मोकळी होती, आणि मुलींना सर्रास त्या वाटेने पाठवले जाई. शिवणाचे मशीन प्रशालेत येई तेव्हा समारंभ होई. प्रयोगशाळेतल्या काचसामानासाठी पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चाले. मला शिवणाची हेटाळणी करायची नाही. त्या मशीनवर शिकलेल्या कितीतरी बायकांनी पुढे घर चालवले. पण सोपे गणित घेऊन पास झालेल्या मुलीला डॉक्टर, इंजिनिअर, शेतकी पदवीधर व्हायची वाट तिथेच बंद झाली, आणि ती बंद झाल्याचे तिला कुणी सांगितलेही नाही. १९७२ मध्ये परभणीतच कृषी विद्यापीठ आले. आमच्या गावाच्या वेशीवर विद्यापीठ, आणि आमच्या मुलींकडे विज्ञानच नाही, असा तो काळ होता.

हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने साठीच्या दशकात मुलामुलींच्या अभ्यासक्रमातला हा भेद काढून टाकावा असे सुचवले होते, कोठारी आयोगानेही तीच दिशा धरली. महाराष्ट्रात १०+२ चा आकृतिबंध आला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली, तेव्हा गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचे झाले. त्या वर्षी कन्या प्रशालांत जी धांदल उडाली ती ज्यांनी पाहिली त्यांनाच कळेल. गणिताच्या बाई नाहीत. गणिताचे सर आणायचे तर पालक काय म्हणतील? आणले. काही ठिकाणी शेजारच्या मुलांच्या प्रशालेतले सर सकाळी सातला येऊन तास घेत आणि मोठ्या बाई वर्गात मागच्या बाकावर बसून राहत. पहिली दोन-तीन वर्षे निकाल पडले. पालकसभेत कुणी तरी म्हणालेच, पोरींच्या डोक्यावर हे ओझे कशाला. पण गणित राहिले. मला विचाराल तर भिडेवाड्यापासूनच्या सगळ्या तारखांत आमच्या जिल्ह्याच्या मुलींच्या आयुष्यात सर्वांत खोल बदल करणारी तारीख ही १९७५ ची आहे, आणि तिची आठवण एकाही प्रशालेत साजरी होत नाही.

त्याच्या आधीच्या दुष्काळाचे दोन शब्द. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर घरेच्या घरे गेली. मोठ्या मुली आईबरोबर कामावर, त्याखालच्या मुली धाकट्या भावंडांना घेऊन घरी. वर्गात सुकडी वाटली जाई म्हणून काही जणी येत. सुकडी फडक्यात बांधून घरी नेत. त्या वर्षी रजिस्टरात ‘दीर्घ गैरहजर’ अशा शेऱ्यांची रांग लागली आहे. पाऊस परत आला. त्या सगळ्या मुली परत आल्या नाहीत.

रोजचे जगणे मात्र या मोठ्या तारखांत मावत नाही. सकाळचा परिपाठ, ओळीत उभ्या निळ्या-पांढऱ्या गणवेशाच्या मुली, तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी. आधी परकर-पोलके, मग स्कर्ट, मग सलवार-कमीज. गणवेश बदलला की गावात आठ दिवस चर्चा. मधल्या सुट्टीत झाडाखाली डबे उघडत. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कुणाकडे लोणच्याची फोड. डब्याला जात विचारली जाई आणि हळूहळू ती विचारेनाशी झाली. हे घडवून आणले ते मुलींनीच, एकमेकींचा ठेचा चाखून. नागपंचमीच्या सुमाराला आवारातल्या लिंबाला झोका बांधायची परवानगी मोठ्या बाई देत. भिंतीमुळे बाहेरून काही दिसत नसे, म्हणून मुली मनसोक्त ओरडत. खो-खोच्या संघाला पहिल्यांदा तालुक्याबाहेर न्यायचे ठरले तेव्हा बारा मुलींच्या बारा घरी बाईंना जावे लागले होते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग ओस पडे. दुपारपर्यंत वेचून, बोटांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे घेऊन, काही मुली शेवटच्या तीन तासांना येऊन बसत. नियमाप्रमाणे अर्धा दिवस लावायचा असे. माझ्या हातून पूर्ण दिवसच लागला.

आणि वाट. प्रशाला तालुक्याच्या गावी, मुली खेड्यांत. सातवीपर्यंतची शाळा गावात होती म्हणून सातवी झाली. पुढे पाच-सात किलोमीटर. मुलगा सायकलवर जाई, चालत जाई, मामाकडे राही. मुलीला यातले काहीच चालत नसे. म्हणून प्रशालेचा इतिहास हा एस. टी.चाही इतिहास आहे. मुलींना मोफत पास मिळू लागला, तेव्हा ज्या गावात गाडी जात होती त्या गावच्या मुलींची संख्या वाढली. जिथे गाडी जात नव्हती तिथे पास कोऱ्या कागदासारखा. पुढे मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बसगाड्या आणि सायकली आल्या. पालम, सोनपेठकडच्या आडवळणी वस्त्यांवरून येणारी ती निळी बस फाट्यावर थांबते आणि एकदम तीस-चाळीस मुली उतरतात, हे दृश्य माझ्या शाळकरी वयात कुणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. गाडी सुटायच्या वेळेला शाळेचे वेळापत्रक बांधलेले. जादा तास घ्यायचा तर बाई आधी आगारात फोन करतात.

भाषा मिळाली, बाई मिळाल्या, गणित मिळाले, गाडी मिळाली. तरीही रकान्यात ते दोन शब्द आहेतच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास निम्म्या, शंभरात सुमारे ४८, अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या होत्या. महाराष्ट्रातल्या सर्व जिल्ह्यांत हे प्रमाण सर्वांत मोठे. ज्या प्रशालेचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, तिच्या शेजारच्या गल्लीत हे चालू आहे, हे लिहिल्याशिवाय स्मरणिका पुरी होत नाही.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी या पट्ट्यातली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. कोयता जोडीने लागतो. नवरा-बायकोची उचल मिळून मिळते. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांपुढचा खरा प्रश्न. न्यावे तर फडावरच्या पालात तिची काळजी, ठेवावे तर गावात. मग लग्न हा त्यांना मार्ग वाटतो, आणि लग्न झाले की एक कोयता वाढतो. अशा बापाला शिक्षणाचे महत्त्व सांगून काय उपयोग? त्याला हवी असते मुलीच्या निजण्याची जागा. हंगामी वसतिगृहे निघाली ती याच गरजेतून, आणि जिथे ती आजी-काकूच्या मायेने चालली तिथे मुली टिकल्या. मला वाटते, आजच्या काळात पाटीवरच्या ‘कन्या’ या शब्दाचा अर्थ वसतिगृह असा घ्यायला हवा. साठ साली भिंत पुरली होती. आता छप्पर लागते.

प्रशालांची स्वतःची स्थितीही सांगायला हवी. इंग्रजी शाळांची पिवळी गाडी दारात येते, म्हणून पेठेतली घरे तिकडे गेली. कन्या प्रशालेत उरल्या त्या खेड्यातल्या, मजुरांच्या, फेरीवाल्यांच्या मुली. पट कमी झाला की संचमान्यतेत पद कमी होते. बाई निवृत्त झाल्या की जागा रिकामी राहते. एका शाळेत मी मराठीच्या बाईंना विज्ञान शिकवताना पाहिले. रात्री घरी मुलाच्या पुस्तकातून वाचून सकाळी वर्गात. मुलामुलींनी एकत्र शिकावे, वेगळ्या कन्या शाळा कशाला, असे आता पुष्कळ जण म्हणतात. तत्त्व म्हणून मलाही ते पटते. माझी स्वतःची नात मिश्र शाळेत शिकते. पण ज्या घरातून आजही ‘पोरांची शाळा हाय का?’ हा प्रश्न पहिल्यांदा येतो, त्या घरातली मुलगी कन्या प्रशाला बंद झाल्यावर मिश्र शाळेत जाईल, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसून पाहावे.

मी गेल्या जूनमध्ये बसले होते. निवृत्त झाले तरी त्या आठवड्यात मदतीला जाते. अर्ज भरून देणे, दाखले तपासणे. एक बाई आठवीसाठी मुलीला घेऊन आल्या. गाव जिंतूर तालुक्यातले. मी मुलीच्या आईचे नाव लिहिले आणि माहेरचे आडनाव सहज विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मी हितंच होते बाई. तुमच्याच वर्गात.’ मला आठवेना. लिपिकाला जुने रजिस्टर काढायला सांगितले. सापडले. आठवीत प्रवेश, त्याच वर्षीच्या वैशाखात नाव कमी. शेवटच्या रकान्यात तेच दोन शब्द.

त्यांनी वाकून ती ओळ वाचली. बोट लावून, सावकाश. मग नव्या अर्जावर जिथे ‘पालकाची सही’ असे छापलेले होते, तिथे पूर्ण नावाने सही केली, आणि वेलांटी चुकल्यासारखी वाटली म्हणून पेन परत मागून ती नीट केली.